बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी सूचना छापून आल्या होत्या. औषधांच्या चिठ्ठ्या टाईप करून घ्या, विमा काढा, लोणची-चटण्या सीलबंद न्या, गुडघ्याचा पट्टा हातातल्या बॅगेत ठेवा. सगळ्या कामाच्या आहेत. मी कात्रण काढून ठेवलंय. पण थंडीबद्दल त्यात एकच ओळ होती, ‘पुरेसे गरम कपडे न्यावेत’. तेवढ्यानं भागत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलं तर काटछाट करा, पण कोळशाबद्दलचा मजकूर कृपा करून तसाच ठेवा.

मी १९८१ साली वीज मंडळात लागलो. जून २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, फाटकावरची पाटी बदलली, माझं काम तेच राहिलं. उपकेंद्रात यंत्रचालक, शेवटची काही वर्षं प्रधान यंत्रचालक. २०१६ ला निवृत्त झालो. भारनियमनाच्या वर्षांत वरून फोन यायचा, इतक्या मेगावॅटचा भार काढा, म्हणजे तेवढी वीज तोडा, की मी फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे जाणारी वाहिनी, बंद करायचो आणि वहीत वेळ लिहायचो. रात्री बारा-एकला शेतकरी फाटकाशी येऊन उभे राहायचे. उसाला पाणी द्यायची त्यांची पाळी गेलेली असायची. त्यांचं बोलणं मी ऐकून घ्यायचो, ते रास्त होतं. पण एक गोष्ट मी मनाशी पक्की धरली होती. वीज गेली की माणसाचे हाल होतात, मोटारी जळतात, पोरांचा अभ्यास बुडतो, पण नुसती वीज गेली म्हणून कोणी मरत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात माझी ही समजूत मोडली.

मुलगी आणि जावई ऑस्टिनला असतात. तिचं पहिलं बाळंतपण, म्हणून डिसेंबर २०२० मध्ये आम्ही दोघं तिकडे गेलो. करोनाचे दिवस होते. दोन्ही देशांनी ठरवून सोडलेली मोजकी विमानं, चोवीस तास तोंडावर मास्क. पण पोहोचलो. २५ जानेवारीला नात झाली. हिनं नेलेल्या सामानात डिंक, आळीव, बाळंतशेपा, वावडिंग, ओवा आणि कागदात नीट गुंडाळलेली एक लोखंडी शेगडी होती, बाळाला धुरी द्यायला. वीतभर रुंद असेल. तिच्या आईकडची.

ऑस्टिन म्हणजे उन्हाचा मुलूख. आम्ही गेलो तेव्हा डिसेंबरात दुपारी हाफ शर्टवर फिरत होतो. त्यामुळे ११ फेब्रुवारीला पावसाचं पाणी रस्त्यावर पडताक्षणी गोठायला लागलं, तेव्हा सगळे गोंधळून गेले. त्याच सकाळी उत्तरेला फोर्ट वर्थमध्ये महामार्गावर शंभराहून जास्त गाड्या एकमेकींवर आदळून सहा माणसं गेली. जावयानं त्या दिवसापासून गाडी बाहेर काढली नाही. रविवारी, १४ तारखेला रात्री बर्फ सुरू झाला. आम्ही दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा पडता बर्फ पाहिला. मुलीनं वीस दिवसांच्या लेकीला खिडकीशी धरलं, जावयानं फोटो काढला. तो फोटो आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे.

पहाटे दोनच्या सुमाराला मला जाग आली. आवाजानं नाही, आवाज थांबला म्हणून. उपकेंद्रात ट्रान्सफॉर्मरची गुणगुण अंगवळणी पडलेली असते. ती थांबली की झोपेतला माणूसही उठून बसतो. तसं झालं. गरम हवेचं यंत्र बंद पडलं होतं. जावयाच्या फोनवर वीज कंपनीचा निरोप होता की पाळीपाळीनं चाळीसेक मिनिटं वीज जाईल. मी हिला म्हणालो, झोप, भारनियमन आहे, येईल. आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो होतो.

वीज आली बुधवारी रात्री. मधे जवळपास तीन दिवस गेले.

इथल्या वाचकांना ते घर डोळ्यांपुढे यावं म्हणून थोडं सांगतो. लाकडाचा सांगाडा, त्यावर पातळ तक्ते. हीटर विजेवर, गीझर विजेवर, शेगड्यासुद्धा विजेवर. वाटीभर पाणी गरम करावं तर त्या घरात विजेशिवाय एकही सोय नाही. बाहेर उणे १३ अंशांच्या आसपास. बाळाच्या आंघोळीचं पाणी बघायला छोटा तापमापक होता, तो आम्ही खोलीत टांगला. सोमवारी दुपारी तो १४ दाखवत होता, संध्याकाळी ११, मंगळवारी पहाटे ७. रस्ते बर्फाखाली, हॉटेलं अंधारात, आणि करोनामुळे कोणाच्या घरी जायचं तर त्यांनाही धास्ती, आपल्यालाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. सोमवारी रात्री बाळाचे तळवे गार लागायला लागले. ही म्हणाली, ‘अहो, बाळंतिणीच्या खोलीत विस्तव नको का? शेगडी पेटवा.’ मागच्या अंगणात मांस भाजायची मोठी शेगडी होती, तिच्याजवळ कोळशाची अर्धी पिशवी. मी बाहेर बर्फात उभा राहून आमच्या त्या वीतभर शेगडीत कोळसे पेटवले. धूर पुरा जाईपर्यंत थांबलो. निखारे लालबुंद झाले, वर पांढरी राख धरली, तेव्हाच आत आणली. माझी आई अगदी अशीच करायची, निखारा पुरता फुलल्याशिवाय बाळंतिणीच्या खोलीत न्यायची नाही. मुलीच्या पलंगापासून चार हातांवर फरशीचा तुकडा ठेवून त्यावर शेगडी ठेवली, दार लावलं आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दाराखाली टॉवेल कोंबला. खोलीत मुलगी, बाळ आणि ही. मुलगी थकून झोपली होती. नाही तर तिनं मला उंबऱ्यातच अडवलं असतं.

वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. खोलीतल्या भिंतीवरची पांढरी डबी कर्कश ओरडायला लागली. जावई धावत आला, दार ढकललं, दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, शेगडी तशीच उचलून बर्फात फेकली. त्याच्या बोटांना फोड आले. ही उठायला गेली तर तिचा तोल गेला. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. तिला वाटत होतं थंडीनं आणि जागरणानं असेल. मुलीनं बाळाला उचलून टॉर्चच्या उजेडात त्याचे ओठ पाहिले, नखं पाहिली. बाळ रडलं. मुलगी मला म्हणाली, ‘बाबा, ही डबी नसती तर आम्ही तिघी उठलो नसतो.’ आवाज न चढवता म्हणाली.

ती डबी बॅटरीवर चालणारी, कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी. बाळंतपणाआधी दोघांनी एक वर्ग केला होता, तिथं सांगितलं म्हणून जावयानं आणून लावलेली.

संपादक महाराज, मी पस्तीस वर्षं विजेत काढली. माणसं शॉक लागून गेलेली पाहिली, सुरक्षेचे तक्ते भिंतीवर लावले, नव्या पोरांना हातमोजे घातल्याशिवाय यार्डात पाऊल टाकू दिलं नाही. आणि माझ्या हातानं मी नातीच्या खोलीत हे आणून ठेवलं. धूर नाही म्हणजे धोका नाही, एवढंच मला ठाऊक होतं. खरं उलट आहे. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. कोळसा धगधगतो तेव्हा धूर नसला तरी हा वायू निघतच राहतो, आणि बंद खोलीत साठतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त ओढीनं त्याला धरून ठेवतं. माणसाला आधी डोकेदुखी, मग गुंगी. झोपलेल्याला तेवढंही कळत नाही.

मग आईच्या शेगडीनं आम्हाला काही कसं झालं नाही, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत होता. उत्तर घरात आहे. आमचं घर कौलाचं. कौलांतून, तुळईच्या खाचेतून, खिडकीच्या फटीतून वारा खेळायचा. मुलीच्या घराला बोटभर फट नव्हती, आणि होती ती मी टॉवेलानं बुजवली. आता कराड-साताऱ्यातसुद्धा सरकत्या खिडक्यांचे घट्ट फ्लॅट आहेत आणि शेक-शेगडी तशीच चालू आहे. म्हणजे ही गोष्ट फक्त अमेरिकेला जाणाऱ्यांची नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अंगीठी पेटवून दार लावून झोपलेली घरंच्या घरं सकाळी उठत नाहीत, त्या बातम्या आपणच छापता.

मग बाळाला ऊब कशी दिली? मुलीनं तिच्या नर्सला फोन लावला. फोन गाडीत बसून चार्ज करायचा, गाडी गॅरेजच्या बाहेर काढून. हेही जावयालाच ठाऊक होतं. नर्सनं सांगितलं, बाळाचे कपडे काढा, लंगोट आणि टोपी तेवढी ठेवा, आईच्या उघड्या छातीवर पालथं घाला, वरून सगळी पांघरुणं. आपल्याकडेही कमी वजनाच्या बाळांना इस्पितळात असंच छातीशी बांधतात, कांगारू पद्धत म्हणतात. घरातली सगळ्यात लहान, बिनखिडकीची खोली म्हणजे कपडे ठेवायची. तिच्यात दोन गाद्या मावल्या. पाचही जण तिथं. मुलीला झोप मिळावी म्हणून पाळ्या लावल्या. आधी ही, मग जावई, आणि मंगळवारी पहाटे तीन ते पाच मी. बासष्ट वर्षांच्या माणसाच्या छातीवर तीन आठवड्यांचं बाळ. तिचा श्वास माझ्या गळ्याशी लागायचा, ओलसर, कोमट. तो जरा लांबला की मी माझा श्वास धरायचो. त्या दोन तासांत मला थंडी वाजली नाही.

शेजारी एक मेक्सिकन आजी राहत होत्या, त्यांच्याकडे गॅसची शेगडी होती. मास्क लावून अंगणाच्या कुंपणावरून त्या दिवसातून दोनदा गरम पाण्याचा थर्मास द्यायच्या. हिनं त्यांना डिंकाचे लाडू दिले. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

वीज का गेली, हे मी परत आल्यावर महिनोन्महिने वाचत बसलो. धंद्याची खोड. विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तनं, आमच्याकडे ५०, तिथं ६०. मागणीला वीज कमी पडली की ती घसरते. १५ फेब्रुवारीच्या पहाटे ती ५९.३ पर्यंत घसरली. ५९.४ च्या खाली नऊ मिनिटं राहिली असती तर वीजनिर्मितीचे संच एकामागून एक आपोआप सुटले असते आणि अख्खी ग्रीड, म्हणजे एकमेकांत जोडलेलं विजेचं जाळं, बसली असती. ती ४ मिनिटं २३ सेकंद राहिली. पुन्हा उभी करायला मग किती आठवडे लागले असते, सांगवत नाही. तेव्हा नियंत्रण कक्षात बसून ज्यांनी हजारो मेगावॅट भार काढला त्यांना मी बोल लावणार नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

माझी तक्रार त्याच्या आधीची आणि नंतरची आहे. आधीची अशी, की हे कळलेलं होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये तिथं असंच झालं होतं. केंद्राच्या यंत्रणांनी अहवाल दिला, संच आणि गॅसच्या वाहिन्या थंडीपासून झाका म्हणून. सक्ती झाली नाही, खर्च फारसा कोणी केला नाही. २०२१ मध्ये गॅसच्या विहिरी गोठल्या, पवनचक्क्यांची पाती गोठली, समुद्राजवळच्या अणुवीज केंद्रातला एक संच तर पंपाचा दाब मोजणारी बारीकशी नळी गोठली म्हणून बंद पडला. आणि मला सगळ्यात लागलं ते हे, की भार काढताना गॅस पुढे ढकलणाऱ्या यंत्रांचीच वीज काढली गेली, कारण ती महत्त्वाच्या ग्राहकांच्या यादीत नोंदवलेलीच नव्हती. गॅस नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून गॅस नाही. यादी नीट ठेवणं हे कारकुनी काम वाटतं. तेच काम मी वर्षानुवर्षं केलंय, कुठल्या फीडरवर दवाखाना, कुठल्यावर नळपाणी योजना. म्हणून मला ते वाचवेना.

शिवाय टेक्सासची ग्रीड बहुतांशी एकटी आहे. केंद्राचे नियम नकोत म्हणून शेजाऱ्यांशी अगदी बारीक दुवे ठेवलेले. आपल्याकडे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाला जोडली गेली. त्या रात्री आमच्या उपकेंद्रात आम्ही पेढे वाटले होते. टेक्सासच्याच पश्चिम टोकाचं एल पासो शहर दुसऱ्या ग्रीडवर आहे, आणि २०११ चा धडा घेऊन त्यांनी खर्चही केला होता. तिथं बहुतेकांचे दिवे चालू राहिले.

नंतरची तक्रार साधी आहे. पाळीनं जाईल म्हणाले, पाळी लागली नाही. इस्पितळं, पंपिंग वगैरे असलेले फीडर सोडून बाकी सगळे काढावे लागले, मग आलटून पालटून द्यायला फीडरच उरले नाहीत. हे मला समजतं. पण मग तसं सांगायचं होतं. ‘आज रात्री येणार नाही’ एवढं सोमवारी सकाळी कळलं असतं तर उजेड होता तोवर आम्ही ती लहान खोली लावली असती आणि मी कोळशाकडे गेलो नसतो. भारनियमनात लोक अंधार सोसतात, पण खोटी वेळ सोसत नाहीत, हे मी फाटकाशी उभ्या शेतकऱ्यांकडून शिकलोय.

त्या वादळात टेक्सासात २४६ माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. त्यातली १६१ थंडीनं, कित्येक आपापल्या घरांत. १९ कार्बन मोनॉक्साइडनं. त्या १९ च्या आकड्यापाशी मी थांबतो. तो २२ व्हायचा होता.

पाण्याचंही थोडक्यात सांगतो, कारण त्याचा उपयोग होईल. तिथं नळाचे पाईप छताच्या पोकळीतून जातात. गोठले की आतल्या दाबानं तडकतात, आणि ते कळतं बर्फ वितळल्यावर. शुक्रवारी ऊन पडलं आणि गॅरेजच्या छतातून पाणी कोसळायला लागलं. घराचा मुख्य कॉक कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. मी आणि जावयानं रस्त्याकडेचा बर्फ फावड्यानं ओढून मीटरच्या खड्ड्याचं झाकण शोधलं. मी पालथा पडून पान्यानं कॉक फिरवला. नळाला आलेलं पाणीही २३ तारखेपर्यंत उकळूनच प्यायचं होतं. म्हणून पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर, जावयाला किंवा मुलाला विचारावं, पाण्याचा कॉक दाखव, ती डबी कुठे लावलीय ते दाखव, तिची बॅटरी कधी बदललीस. यात संकोच वाटायचं कारण नाही. मुलांना बरं वाटतं. आणि गोठायचं भाकीत असेल त्या रात्री नळ बारीक ठिबकत ठेवावेत.

नात आता मराठीत भांडते. तिला यातलं काही माहीत नाही.

आमच्या आळीतलं एक जोडपं पुढच्या महिन्यात मिनियापोलिसला सुनेच्या बाळंतपणाला निघालंय. परवा त्यांच्याकडे सामान बघायला गेलो. वहिनींनी शेगडी आधीच बॅगेत ठेवली होती, लुगड्याच्या घडीत. मी त्यांना आमची हकीकत सांगितली, हिनं तिचं चक्कर येणं सांगितलं. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी शेगडी काढून ओट्यावर ठेवली आणि लेकाला फोन लावला, ती डबी घरात आहे का विचारायला. नव्हती. फोन चालू असतानाच त्यानं ती मागवली.

आपला,
एक निवृत्त प्रधान यंत्रचालक, कराड